खजाना विहीर ते जलकुंभ : बीडच्या पाण्याचा दाब

बीडच्या दक्षिणेस सुमारे सहा किलोमीटरवरची खजाना विहीर १५८२च्या सुमारास बांधली गेली. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार असलेल्या सलाबतखानाने ती बांधवून घेतली. आखणी राजा भास्कर याची. जवळचा सगळा खजिना तिच्यावर खर्ची पडला म्हणून हे नाव, असे सांगतात.

विहिरीत दोन भुयारांतून पाणी येते आणि तिसऱ्यातून बलगुजारच्या शिवाराकडे निघून जाते. मोट नाही, रहाट नाही. पाणी उताराने चालते आणि त्यावर सुमारे २१२ हेक्टर जमीन भिजत असल्याची नोंद आहे. दुष्काळातही पातळी ढळत नाही अशी तिची ख्याती आहे. तिच्या बांधणीतला खरा शहाणपणा उताराचा आहे. मंद उताराच्या भुयारात पाण्यावर हवा मोकळी राहते, त्यामुळे दगडी सांध्यांवर जोर येत नाही.

बंद नळात हे सुख नसते. पाण्याचा स्तंभ दहा मीटर उंच झाला की दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार पडतो, आणि खापरी नळाचे चुन्याने जोडलेले सांधे तो फार सोसत नाहीत. मलिक अंबरने १६१७च्या सुमारास औरंगाबादेत नहर आणली. तिच्या धर्तीवर पुढे झालेल्या नहरींत, पुण्याच्या कात्रज नळावरही, वाटेत उघड्या तोंडाचे मनोरे म्हणजेच उच्छ्वास उभारले गेले. कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडे आणि नळातला दाब मनोऱ्याच्या उंचीपलीकडे जात नसे. आजच्या योजनांतील ब्रेक प्रेशर टाकी नेमके हेच काम करते.

बीड शहराची भिस्त आता बिंदुसरा आणि माजलगाव धरणावर आहे. माजलगावचे पाणी पंपाने चढवावे लागते, म्हणून दाब विकत घ्यावा लागतो. पाणी काही दिवसांआड सुटते तेव्हा रिकाम्या वाहिन्या एकदम भरतात; आतली हवा दबते, धक्के बसतात, सांधे सैल होतात. सखल भागात दाब जास्त, चढावर नळाला थेंब नाही. ठरावीक आकाराच्या भोकातून होणारी गळती दाब निम्मा केल्यास सुमारे तीस टक्क्यांनी घटते. प्लास्टिकच्या नळातील चीर तर दाबाने रुंदावते, म्हणून तिथे घट याहूनही अधिक होते.

त्यामुळे गावाचे उंचीप्रमाणे भाग पाडून प्रत्येकाला वेगळा जलकुंभ आणि दाब कमी करणारा व्हॉल्व्ह देणे, हा उपाय नुसते फुटके नळ बदलण्यापेक्षा आधीचा आहे. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने २००९च्या सुमारास मीटर लावून चोवीस तास पाणी सुरू केले. तिथे वाहिन्या सतत भरलेल्या राहतात, आणि रोज रिकाम्या होऊन पुन्हा भरण्याचे धक्के त्यांना बसत नाहीत.