हेपरिनचे मापन व परीक्षण

हेपरिनची मात्रा केवळ वजनावरून सांगता येत नाही, ही अडचण या औषधाच्या इतिहासात प्रथमपासून आहे. बाल्टिमोर येथे हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत मॅक्लीन या विद्यार्थ्यास रक्त गोठू न देणारा अंश १९१६ साली आढळला. १९१८ साली हॉवेल यांनी यकृतातून मिळविलेल्या तशा द्रव्यास हेपरिन हे नाव दिले. हे द्रव्य म्हणजे लहानमोठ्या शर्करा-शृंखलांचे मिश्रण. साहजिकच हॉवेल यांनी मांजराच्या रक्ताचा आधार घेतला : एक मिलिलिटर रक्त थंडीत २४ तास प्रवाही ठेवील तेवढे एक एकक. १९४२ साली मिलिग्रॅमला १३० एककांचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. पुढे अमेरिकन औषधकोशाने मेंढीचा रक्तद्रव स्वीकारला.

या कसोट्या एकच प्रश्न विचारीत : रक्त गोठणे लांबते काय? कशामुळे लांबते, हे त्यांच्या कक्षेबाहेरचे. २००७-०८ साली भेसळ करणाऱ्यांचे नेमके येथेच फावले. जादा सल्फेट-गट चढविलेले कॉन्ड्रॉइटिन सल्फेट स्वतःही रक्त गोठणे काहीसे रोखते. तेव्हा मेंढीच्या रक्तद्रवाने त्यास हेपरिन म्हणूनच उत्तीर्ण केले. (मेंढीचा यात दोष नव्हता, तिला दुसरे काही विचारलेच नव्हते.) अमेरिकेत रुग्णांचा रक्तदाब एकाएकी उतरू लागला, कित्येक मृत्यूंशी या भेसळीचा संबंध जोडला गेला. प्रोटॉन चुंबकीय अनुनादाच्या आलेखात मात्र हेपरिनच्या २.०४ येथील शिखराशेजारी २.१५ येथे परके शिखर स्पष्ट उभे होते. २००९ साली औषधकोशाने मेंढीचा रक्तद्रव सोडून थ्रॉम्बिनच्या अवरोधाचे रंगमापन पत्करले. द्रव्याची ओळख पटविण्याचे काम अनुनादाकडे गेले.