सुखाचा अपूर्णांक : रत्नागिरी ते मंडाले

ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याची राजधानी मंडाले. इंग्रजांनी त्याला १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ पासून मंडालेच्या तुरुंगात. हा योगायोग पुष्कळांना ठाऊक असतो. त्या तुरुंगात टिळकांनी सुखाचे गणित मांडले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

१९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेल्या ‘गीतारहस्या’त दोन सबंध प्रकरणे सुखाच्या विचाराला दिली आहेत. वाद आहे बेंथॅम आणि मिल यांच्याशी. त्यांचे म्हणणे असे की, ज्या कृत्याने अधिकांत अधिक लोकांना अधिकांत अधिक सुख होते, ते न्याय्य.

टिळक विचारतात, कौरवांचे सैन्य अकरा अक्षौहिणी, पांडवांचे सात. डोकी मोजून न्याय ठरवायचा, तर दुर्योधनाचा पक्ष खरा म्हणावा काय? दुसरा दाखला अमेरिकेतला. एका शहराला ट्राम हवी होती, परवानगी रखडली. व्यवस्थापकाने लाच दिली, ट्राम आली, लोक सुखी झाले. तरीही पुढे त्याला शिक्षा झालीच. म्हणजे फळाइतकीच कर्त्याची बुद्धीही पाहावी लागते.

मग अपूर्णांक येतो (लेखक गणिताचा पदवीधर, हे विसरू नये). मिळालेले सुख अंशस्थानी, सुखाची इच्छा छेदस्थानी. अंश वाढतो, पण छेद त्याहून वेगाने वाढतो. साधने वाढूनही माणूस असमाधानीच राहतो, तो यामुळे.

छेद शून्याकडे न्यावा, म्हणजे संन्यास घ्यावा, हे उत्तर येथे सहज सुचते. टिळक ते नाकारतात. त्यांच्या मते असंतोष हा उत्कर्षाचे मूळ आहे. सोडायची ती फळाची आसक्ती, कर्म नव्हे. गंमत पाहा, १९१० सालीच व्हॅलेंटाइन चिरोलने त्यांना भारतीय असंतोषाचे जनक ठरवले होते! माझ्या मते मात्र असंतोष कुठे थांबवावा, याचे माप हे गणित देत नाही.

१९१२ साली सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, तेव्हा टिळक मंडालेतच होते. सुटका १९१४ मध्ये झाली, ग्रंथ १९१५ मध्ये निघाला. थिबा डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच वारला; मंडाले त्याला पुन्हा दिसले नाही.