मुक्ताचा निबंध आणि मराठी निबंधाचा इतिहास

मराठी निबंधाचा इतिहास शिकवताना आपण बहुधा एका ठरलेल्या वाटेने जातो. १८३२ साली निघालेले बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण', मग 'प्रभाकर'मधून १८४८ पासून प्रसिद्ध झालेली लोकहितवादींची शतपत्रे, आणि त्यानंतर एकदम १८७४ साली सुरू झालेली विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला'. शतपत्रे आणि निबंधमाला यांच्या मधल्या अंतरात, १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या 'ज्ञानोदय'च्या अंकांत, एक निबंध दोन हप्त्यांत छापून आला. 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा त्याचा विषय. लेखिका मुक्ता साळवे, पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेतली विद्यार्थिनी. वय सुमारे चौदा वर्षांचे, शाळेतले शिक्षण तीनेक वर्षांचे.

हा निबंध आता अपरिचित राहिलेला नाही. गेल्या काही दशकांत दलित आणि स्त्रीवादी अभ्यासकांनी तो पुन्हा उजेडात आणला आहे. तथापि तो वाचला जातो तो प्रामुख्याने साक्ष म्हणून, अत्याचाराचा एक दस्तऐवज म्हणून. निबंध म्हणून, म्हणजे रचलेल्या विचाराचा एक घाट म्हणून, त्याकडे पाहण्याची सवय आपल्याला अजून लागलेली नाही. शिवाय हे शाळेत घडलेले लेखन आहे, या गोष्टीचे महत्त्वही पुरेसे ओळखले गेलेले नाही. हे दोन मुद्दे वेगळे नाहीत असे आम्हांस वाटते.

प्रथम त्या शाळेविषयी. जोतीराव फुल्यांनी १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली आणि पुढच्या चार-पाच वर्षांत अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलामुलींसाठीही शाळा सुरू केल्या. ज्या काळी मुक्ता शिकत होती, त्याच काळी तिचे शिक्षकही लिहीत होते. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह १८५४ चा. जोतीरावांचे 'तृतीय रत्न' हे नाटक १८५५ चे. एका गरोदर कुणबी स्त्रीला जोशी कसा नाडतो हे दाखवून त्या जोडप्याला अखेर शाळेच्या दारापर्यंत आणणारे हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीने स्वीकारले नाही. ते छापून यायला १९७९ साल उजाडले. म्हणजे दोन वर्षांच्या आत एकाच शाळेच्या परिसरात कविता, नाटक आणि निबंध हे तीनही प्रकार लिहिले गेले, आणि तिन्हींचा विषय विद्या हाच होता. कलाशिक्षण हा शब्द तेथे कोणी उच्चारला नसेल. पण शब्दांची कला ही स्वतःचे म्हणणे मांडण्याची कला आहे, एवढे तेथे शिकवले जात होते.

आता निबंधाकडे वळू. मुक्ताची सुरुवात दुःखाच्या वर्णनाने होत नाही, युक्तिवादाने होते. वेदांच्या आधारे आमचा द्वेष करणाऱ्यांचे खंडन करू गेल्यास वेद ही आमचीच मत्ता असे ते म्हणतात. मग ज्यांना वेद पाहण्याचाही अधिकार नाही, ते धर्मपुस्तकाविना उरले, असाच त्याचा अर्थ होतो. तेव्हा आमचा धर्म कोणता ते देवा तूच सांग, असे ती विचारते, आणि ज्या धर्मात एकालाच अधिकार व बाकीचे वंचित, तो पृथ्वीवरून नाहीसा होवो अशी इच्छा व्यक्त करते. प्रतिपक्षाचेच विधान मान्य करून त्यातून त्याला अडचणीचा निष्कर्ष काढणे, हे तर्काचे जुने हत्यार आहे. ते येथे एक शाळकरी मुलगी चालवते, आणि चालवता चालवता भोजनप्रिय भटजींना एका विशेषणाचा चिमटाही काढते.

दाखले यानंतर येतात. बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यासमोरून गेलेल्या मांग-महाराचे शिर कापून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू केला जाई. इमारतींच्या पायांत माणसे पुरली जात. कोणी लिहावाचायला शिकला तर त्याला धाक घातला जाई. पेशवाई १८१८ साली संपली होती. मुक्ताने हे डोळ्यांनी पाहिलेले असणे शक्य नाही. घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आठवणींना येथे प्रथमच छापील मराठी गद्याचे रूप मिळाले. ज्या राज्याचा इतिहास बखरींनी सांगितला, त्याच राज्याचा हा गुलटेकडीच्या बाजूने सांगितलेला इतिहास आहे.

एवढ्या लहान मुलीला हे सुचले कसे, शिक्षकांनीच लिहून दिले असेल, ही शंका अशा लेखनाला नेहमी चिकटते. शिक्षकांचा ठसा त्यावर आहे, यात संशय नाही. परंतु विष्णुशास्त्रींच्या गद्यावर वडील कृष्णशास्त्रींचा आणि जॉन्सन-मेकॉलेंचा ठसा दाखवताना आपण निबंधमालेचे कर्तृत्व त्यांच्याकडून काढून घेत नाही. तेथे ज्याला संस्कार म्हणतो, त्याला येथे पढवणे म्हणण्याचे कारण काय? शिवाय निबंधातील दोन ठिकाणे आम्हांस विशेष बोलकी वाटतात. एक, महारांनीही ब्राह्मणांचा कित्ता गिरवून मांगांची सावली विटाळाची मानली, ही तिची तक्रार. दुसरे, बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या आपल्या जातीच्या स्त्रियांच्या थंडी-पावसातील हालांचा उल्लेख. लोकहितवादींची पत्रे ब्राह्मणांना आतून फटकारतात. पण ही दोन्ही दुःखे त्यांच्या वाटेवर नव्हती. ती मांगवाड्यातल्या मुलीच्याच दृष्टीच्या टप्प्यात येत होती.

इंग्रज सरकारची तिने केलेली स्तुती मात्र आजच्या वाचकाला खटकते. सरकार निःपक्षपाती आहे आणि त्याच्या राज्यात छळ थांबला, असे ती लिहिते. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनने १८४२ साली अहमदनगरास सुरू केलेले पत्र होते, हे लक्षात ठेवावे लागतेच. पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला आणि मुंबई सरकारने तो नकार मोडला नाही. १८८२ साली खुद्द जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे सरकारी शिक्षणखर्च वरच्या वर्गांकडे वळतो अशी तक्रार केली. मुक्ताचा विश्वास इतिहासाने खरा ठरवला नाही. पण राज्याला न्यायाच्या कसोटीवर घासून पाहण्याची तिची रीत खोटी ठरत नाही. तीच कसोटी जोतीरावांनी नंतर इंग्रजांना लावली.

निबंधाच्या अखेरीस ती आपल्याच लोकांकडे वळते आणि दारिद्र्य-दुःखावर ज्ञान हेच औषध सांगते. यानंतरचे तिचे कोणतेही लेखन आपल्या हाती नाही.

आज शाळाशाळांतून निबंध लिहिले जातात. 'मी पंतप्रधान झालो तर' हा तर उघड राजकीय विषय. पण गाईडमधला तयार मजकूर उतरवून काढताना त्यातले राजकारण कधीच गळून पडते आणि मतही उरत नाही. किशोरवयीनांना राजकारण कळत नाही म्हणून ते वर्गाबाहेर ठेवावे, आणि साहित्य, चित्र, नाटक हे फावल्या वेळाचे विषय मानावेत, या दोन समजुती एकमेकींना धरून उभ्या आहेत. मत नसेल तर रचना कशाची करायची, आणि रचना येत नसेल तर मत ठेवायचे कोठे? मुक्ताला या दोन्ही गोष्टी एकाच वर्गात मिळाल्या. साहित्याच्या शिक्षकांनी तिचा निबंध सामाजिक चळवळींच्या घटकात न ढकलता शतपत्रे आणि निबंधमालेच्या मध्ये, कालक्रमाने त्याचे जे स्थान आहे तेथे, शिकवावा. मग 'निबंधमाले'ने मराठी निबंध प्रौढ केला हे विधान विद्यार्थ्यांपुढे मांडताना आपल्यालाही एकदा थांबावे लागेल.