हृदयजन्य अवसाद व यांत्रिक रुधिराभिसरण-साहाय्य

हृदयाची पंपक्रिया अकस्मात इतकी दुर्बळ होते की, शरीरात पुरेसे रक्त असूनही ते मेंदू, मूत्रपिंडे इ. इंद्रियांस पोहोचत नाही. या अवस्थेस हृदयजन्य अवसाद (कार्डिओजेनिक शॉक) म्हणतात. हृद्‌रोहिणी बंद पडून हृद्‌स्नायूचा मोठा भाग निकामी होणे, हे तिचे प्रमुख कारण होय. पंपाचे काम काही काळ यंत्राकडे सोपविणे, हा तिच्यावरील एक उपाय आहे.

मुंबईतील आरंभ : या उपायाचे मूळ हृदय-फुप्फुस यंत्रात आहे. जॉन गिबन यांनी १९५३ मध्ये फिलाडेल्फिया येथे ते मानवावर यशस्वीपणे वापरले. १९५५ मध्ये मिनीआपोलिस येथे अधिक सुटसुटीत यंत्र तयार झाले. परकीय चलन व आयात यांवरील निर्बंधांमुळे भारतीय शस्त्रक्रियाविशारदांना ते सहज मिळत नव्हते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील प्रफुल्लकुमार सेन यांनी रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने परदेशी प्रशिक्षण व सामग्री मिळविली, तर केरसी दस्तूर यांनी पारशी समाजातील संबंधांतून स्थानिक कारखानदारांचे कौशल्य उपयोगात आणले. दोघांनाही प्रथम कुत्र्यांवर व नंतर रुग्णांवर यंत्र चालविण्याचे तंत्र कष्टाने आत्मसात करावे लागले. १९६२ मध्ये मुंबईतील दोन रुग्णालयांत या यंत्राच्या साहाय्याने हृदयावर शस्त्रक्रिया होत होत्या. फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन यांनी परळ येथे भारतातील पहिले हृदय-प्रतिरोपण केले. रुग्ण सुमारे तीन तासांनी दगावला. शस्त्रक्रियेपुरती हृदयाची जागा यंत्र घेऊ शकत होते. दुर्बळ हृदयास त्यानंतर दिवसचे दिवस आधार देणे, ही निराळी समस्या होती.

साधने : या समस्येवर तीन प्रकारची साधने निघाली. महारोहिणीतील फुगा हृदयाच्या शिथिलनकाळी फुगतो व आकुंचनापूर्वी रिता होतो. त्यामुळे हृद्‌रोहिण्यांतील प्रवाह वाढतो आणि हृदयाचे श्रम घटतात. एड्रियन कँट्रोविट्‌झ यांनी तो १९६७ मध्ये रुग्णांवर प्रथम वापरला. दुसरे साधन म्हणजे शरीराबाहेरील कृत्रिम फुप्फुस व पंप (एक्मो). १९७१ मध्ये अमेरिकेत एका अपघातग्रस्त तरुणास त्याने ७५ तास आधार दिला. तिसरे, रोहिणीतून आत सरकविलेला सूक्ष्म पंप. तो हृदयाच्या डाव्या निलयातील रक्त थेट महारोहिणीत सोडतो.

संयुक्त वापर : एका साधनाने एक उणीव भरून निघते, पण दुसरी निर्माण होऊ शकते. एक्मो मांडीच्या रोहिणीतून रक्त उलट दिशेने महारोहिणीत ढकलते. दुर्बळ डाव्या निलयास या दाबाविरुद्ध रक्त बाहेर टाकावे लागते. ते न जमल्यास निलय ताणले जाते व फुप्फुसांत पाणी साचते. म्हणून एक्मोच्या जोडीला सूक्ष्म पंप किंवा फुगा बसवून निलयाचा भार हलका करतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात्मक तुलनेत एक्मो व सूक्ष्म पंप यांच्या जोडवापराने मृत्युप्रमाण कमी आढळले; मात्र रक्तस्राव व पायाचा रक्तपुरवठा खुंटणे यांसारखे उपद्रव वाढले.

एकेकट्या साधनांच्या यादृच्छिक चाचण्यांचे निष्कर्षही सावधगिरीचे आहेत. हृद्‌रोहिणी बंद पडून झालेल्या अवसादाच्या ६०० रुग्णांच्या चाचणीत (२०१२) फुग्याने ३० दिवसांतील मृत्यू कमी झाले नाहीत, २०२३ च्या चाचणीत एक्मोनेही ते घटले नाहीत (४७·८ टक्के, एक्मोविना ४९ टक्के). २०२४ मध्ये मात्र निवडक रुग्णांत सूक्ष्म पंपाने १८० दिवसांतील मृत्युप्रमाण ५८·५ वरून ४५·८ टक्क्यांवर आले. तेथेही उपद्रव अधिक होते.

यंत्र हृदय बरे करीत नाही. बंद रोहिणी मोकळी करण्यास, हृद्‌स्नायू सावरण्यास किंवा प्रतिरोपणाचा निर्णय घेण्यास ते अवधी मिळवून देते. या अवधीचा उपयोग रुग्णाची योग्य निवड, वेळेवर यंत्र बसविणे व ते वेळेवर काढणे यांवर, म्हणजेच अखेर प्रशिक्षित माणसांवर अवलंबून असतो. मुंबईतील आरंभीच्या प्रयत्नांतही यंत्र मिळविण्याइतकेच ते चालविण्यास शिकणे कठीण ठरले होते.