ड्राइव्ह-इन चित्रपटगृह आणि जत्रेतील तंबू सिनेमा : दोन प्रेक्षकवर्गांचा इतिहास

प्रस्तावना

चित्रपटसृष्टीचा इतिहास बहुधा निर्माते, दिग्दर्शक आणि कलावंत यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. चित्रपट पाहणारा माणूस कोठे, कशावर आणि कोणासोबत बसला होता, या प्रश्नाकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले आहे. प्रस्तुत निबंधात चार भिंतींबाहेर चित्रपट दाखविण्याच्या दोन पद्धतींचा, म्हणजे ड्राइव्ह-इन आणि जत्रेतील तंबू सिनेमा यांचा, प्रेक्षकांच्या दृष्टीने विचार केला आहे.

ड्राइव्ह-इनचा उदय व ऱ्हास

रिचर्ड हॉलिंग्सहेड याने १९३३ साली ड्राइव्ह-इनच्या रचनेचे पेटंट मिळविले आणि त्याच वर्षी ६ जून रोजी अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात कॅम्डेनजवळ असे चित्रपटगृह सुरू केले. मैदानात उताराचे चढ बांधून मोटारी अशा उभ्या केल्या जात, की पुढच्या मोटारीवरून मागच्यांना पडदा दिसावा. प्रारंभी आवाज पडद्याजवळच्या मोठ्या ध्वनिक्षेपकांतून येई. पुढे प्रत्येक मोटारीच्या खिडकीला स्वतंत्र ध्वनिक्षेपक अडकविण्याची सोय झाली, तर नंतरच्या काळात आवाज मोटारीतील रेडिओवर येऊ लागला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत अशी सुमारे ४,००० चित्रपटगृहे होती. लहान मुले असलेली कुटुंबे आणि तरुण-तरुणी हा त्यांचा मुख्य प्रेक्षक होता. पुढे दूरचित्रवाणी, व्हिडिओ आणि जमिनीच्या वाढत्या किमती यांमुळे त्यांची संख्या घटत गेली.

भारतातील ड्राइव्ह-इन

भारतात अहमदाबाद येथे १९७३ साली सनसेट ड्राइव्ह-इन सुरू झाले. येथे एक लक्षणीय बदल दिसतो. अनेक कुटुंबे मोटारीत बसून न राहता बाहेर चादरी अंथरून, घरून आणलेले पदार्थ खात चित्रपट पाहू लागली. म्हणजे मोटारीने निर्माण केलेला खासगीपणा भारतीय प्रेक्षकाने पूर्णतः स्वीकारला नाही. मुंबईत वांद्रे येथे १९७० च्या दशकात ड्राइव्ह-इन सुरू झाले. ते २००० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत बंद पडले. वांद्रे-कुर्ला संकुलात नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे २९० मोटारींची क्षमता असलेले जिओ ड्राइव्ह-इन छतावर उभारण्यात आले. मोटार बाळगणारा मोठा वर्ग ही या व्यवस्थेची पूर्वअट होती. त्यामुळे ती महानगरांपलीकडे रुजली नाही.

मराठवाडा आणि तंबू सिनेमा

उदगीर तालुका हैदराबाद संस्थानात बीदर जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर तो उस्मानाबाद जिल्ह्यात आणि १९८२ पासून नव्या लातूर जिल्ह्यात आला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या भाषांचा शेजार लाभलेला हा सीमाभाग देवणी जातीच्या गुरांसाठी प्रसिद्ध आहे. अशा कृषिप्रधान प्रदेशात करमणुकीचे वेळापत्रक जत्रा आणि गुरांचे बाजार ठरवीत. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाची मार्गशीर्षातील यात्रा पशुबाजार आणि तमाशाचे फड यांसाठी ख्यातनाम आहे. महाराष्ट्रातील टुरिंग टॉकीजही पावसाळा सरल्यावर अशाच जत्रांमागून फिरत असत.

या सिनेमाची रचना ड्राइव्ह-इनच्या नेमकी उलट होती. ड्राइव्ह-इनमध्ये प्रेक्षक गाडीत आणि यंत्र इमारतीत असे. तंबू सिनेमात प्रक्षेपणयंत्र मालमोटारीवर बसविलेले असे आणि प्रेक्षक जमिनीवर बसत. तेथे माणसे पडद्याकडे जात, येथे पडदा माणसांकडे येई. तेथे काच आणि पत्रा एका कुटुंबाला दुसऱ्यापासून वेगळे ठेवी. येथे मांडीला मांडी लावून बसलेल्या माणसांचे हसणे, शिट्ट्या आणि हुंदके हा खेळाचाच भाग होता. अर्थात हे एकत्र येणे भेदरहित नव्हते. स्त्रियांसाठी बसण्याची वेगळी बाजू राखली जाई. तथापि देवदर्शनाच्या निमित्ताने घराबाहेर पडलेल्या स्त्रियांना चित्रपटही पाहता येई, ही बाब सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने दुय्यम मानता येत नाही.

दूरचित्रवाणी, व्हिडिओ, केबल आणि अखेरीस रिळांच्या जागी आलेले डिजिटल प्रक्षेपण यांनी या व्यवसायाचा पाया खचविला. महाराष्ट्रातील अशा फिरत्या चित्रपटगृहांवरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात दाखविला गेला, तेव्हा ही परंपरा शेवटच्या घटका मोजत होती.

निष्कर्ष

ड्राइव्ह-इन बंद पडले तरी त्याला पत्ता होता, मालकीची कागदपत्रे होती. वांद्र्यातील त्या जागेची ओळख लोकांच्या बोलण्यात टिकून राहिली. तंबू उठला की मात्र मैदानावर खुंट्यांच्या खळग्यांखेरीज काही उरत नसे. इमारतींच्या आधारे लिहिलेल्या इतिहासात म्हणूनच मोटारीतील प्रेक्षक सापडतो आणि जमिनीवरचा निसटतो. वास्तविक मराठवाड्यातील असंख्य शेतकरी, शेतमजूर आणि स्त्रियांचा पडद्याशी आलेला पहिला संबंध याच जमिनीवरचा होता. त्यांच्या आठवणी हेच या इतिहासाचे प्रमुख साधन आहे आणि ती पिढी आता वृद्ध झाली आहे. या मौखिक साधनांचे संकलन तालुका पातळीवरील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी तातडीने हाती घेणे अगत्याचे आहे. अन्यथा हा प्रेक्षक दुसऱ्यांदा, आणि या वेळी कायमचा, इतिहासाबाहेर राहील.