दोन पांढऱ्यांची गोष्ट

दिवाळी जवळ आली की रंगसफेदीचा विषय निघतोच. दुकानात पांढऱ्याच्या दोन छटांची कार्डं हातात धरून तुम्ही उभे असता आणि दोन्ही जवळजवळ सारखीच दिसतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मात्र खोलीला कोणता पांढरा द्यायचा, हा जिवाचा प्रश्न होता.

एक होता शिशाचा सफेदा. शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत महिनोन्महिने ठेवून तो तयार करत. जवसाच्या तेलात कालवला की तो भिंत छान झाकायचा आणि वर्षानुवर्षं टिकायचा. पण त्याची धूळ शरीरात जाऊन रंगाऱ्यांच्या पोटात कळा यायच्या, मनगटं लुळी पडायची.

दुसरा जस्ताचा सफेदा. तो भिंत कमी झाकायचा, त्यामुळे हात जास्त द्यावे लागत. पण त्यात शिशाचं विष नव्हतं. पॅरिसमधले रंगकामाचे कंत्राटदार लक्लेर यांनी १८४०च्या दशकात आपल्या कामगारांच्या जिवासाठी हाच वापरायला घेतला.

म्हणजे पर्याय ठाऊक होता. पुढे १९०४ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी दाखवून दिलं, की लहान मुलांना होणाऱ्या विषबाधेचं मूळ घराच्या रंगातच आहे. १९२१ मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय करार झाला: इमारतींच्या आतल्या रंगकामात, काही अपवाद सोडून, शिशाचा सफेदा नको. अमेरिकेने तो स्वीकारला नाही. इथे घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये, तब्बल ५७ वर्षांनी.

आज दुकानात मिळणारा पांढरा बहुधा टायटॅनियमचा असतो. त्याची काळजी नको. काळजी आहे ती त्याच्या खालच्या जुन्या थरांची. तुमचं घर १९७८च्या आधीचं असेल, तर नवी छटा निवडण्याआधी जुन्या रंगाची तपासणी करून घ्या. तोवर भिंत खरवडू नका, कोरडी घासू नका. खिडक्यांच्या चौकटींकडे विशेष लक्ष द्या. उघडझाप होताना तिथला रंग घासून त्याची धूळ होते. घरात सहा वर्षांखालचं मूल असेल, तर रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणि गावाकडचं घर रंगवायला काढलंत, तर तिथेही हे लक्षात असू द्या. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून.

एवढं झालं की मग कार्डं पुन्हा हातात घ्या आणि छटेवरून घरात खुशाल वाद घाला!