मराठवाडा खरोखर बिनशर्त आला होता का?

१/८
मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त सामील झाला, हे वाक्य दर १७ सप्टेंबरला आपल्या कानांवर पडते. भावना म्हणून ते आदरणीय, पण इतिहास म्हणून अपुरे आहे. अटी घातल्या नसतील. लेखी आश्वासने मात्र होती. त्यांचे पुढे काय झाले, त्याचा हा थ्रेड 🧵

२/८
२८ सप्टेंबर १९५३, नागपूर करार. स्वाक्षऱ्या करणाऱ्यांत यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे आणि विदर्भ-मराठवाड्यातील नेते. निधी लोकसंख्येच्या प्रमाणात मिळेल, मराठवाड्याच्या अविकसित स्थितीकडे विशेष लक्ष दिले जाईल आणि त्याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे येईल, असे ठरले.

३/८
१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्याच वेळी सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१(२) मध्ये विकास मंडळांची तरतूद झाली. शब्दयोजना पाहा: राष्ट्रपती राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू 'शकतील'. त्या एका क्रियापदात ३८ वर्षे गेली.

४/८
१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. सत्ता जिल्ह्यापर्यंत उतरली. पण मधली, प्रदेशाची पायरी रिकामीच राहिली. सिंचन, रेल्वे, रोजगार हे सर्व जिल्ह्यांचे सामाईक प्रश्न मांडावेत कुठे? १९७४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. वसमतच्या गोळीबारात विद्यार्थ्यांचे बळी गेले.

५/८
१९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांची समिती नेमली गेली. राज्याची सरासरी हा मापदंड धरून, तिच्याखाली असलेल्या जिल्ह्यांची तूट तिने रुपयांत मोजली. एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी. त्यात मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटी. तक्रारीला प्रथमच आकडा मिळाला.

६/८
अखेर १९९४ मध्ये तीन वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. परंतु सदस्य नेमलेले, निवडलेले नव्हेत. मंडळाने अनुशेष मोजायचा, शिफारस करायची. कर लावण्याचा अधिकार नाही. ३० एप्रिल २०२० रोजी मुदत संपली, तेव्हा मंडळ वाचवायला त्याचा स्वतःचा मतदारच नव्हता.

७/८
उत्तर इंग्लंडची तुलना येथे उद्बोधक ठरते. २००४ मध्ये तेथील ईशान्य भागाने प्रादेशिक सभागृहाचा प्रस्ताव सुमारे ७८ टक्के मतांनी फेटाळला. पुढे मँचेस्टर परिसरातील दहा स्थानिक परिषदांनी २०११ मध्ये संयुक्त प्राधिकरण उभारले. २०१७ पासून त्याचा महापौर थेट जनता निवडते. त्या रचनेलाही मर्यादा आहेत. मात्र जाब विचारायला तेथे एक निवडलेला माणूस आहे.

८/८
१९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने आमचे बजाजनगर वाढले. मराठवाड्याच्या गावागावांतून माणसे येथे कामाला आली. या पट्ट्यामुळे प्रदेशाची सरासरी उजळ दिसते. ज्या गावांतून ती माणसे निघाली, त्यांची स्थिती तिच्यामागे झाकली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने मंडळांच्या पुनर्स्थापनेस मान्यता दिली. म्हणून प्रश्न केवळ मंडळ हवे की नको, एवढाच नाही. त्यावर कोण बसणार आणि त्यांना निवडणार कोण, हा खरा प्रश्न आहे.